ताटावरचं नाव

बोरी, ता. जिंतूर
१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

लीलावहिनींना आश्रुबाचा नमस्कार.

तुम्ही बऱ्या असाल असं धरून लिहितो. तुमच्या लेकीच्या, उत्तराताईंच्या परभणीच्या घराचा पत्ता माझ्याकडे जुन्या लग्नपत्रिकेवरचा आहे, तोच घातलाय. घर बदललं असेल तर पत्र कोणाच्या हाती पडेल, या धास्तीनं दोन दिवस लिहायलाच बसलो नाही. मार्तंडरावांच्या दहाव्याला आलो होतो, त्यानंतर आपली गाठ नाही. सोळा वर्षं झाली.

फोन का केला नाही म्हणाल. मला कानानं कमी ऐकू येतं. स्पीकर लावल्याशिवाय कळत नाही, आणि स्पीकर लावला की आमचं सगळं घर ऐकतं. शाळा माझी चौथीपर्यंत, तरी लिहिता येतंय एवढं बरं. मार्तंडराव म्हणायचे, आश्रुबा, तुझं अक्षर तुझ्या वाजवण्यापेक्षा चांगलं आहे.

इकडचं सगळं ठीक. यंदा पावसानं सोयाबीन झोपवलं, कापूस थोडा हाती लागेल. जीवनचा साउंडचा धंदा बरा चाललाय, लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसते. सूनबाई सविता अंगणवाडीत आहे. कडूबाई जाऊन पाच वर्षं झाली. माझी साखर वाढलेली असते, आणि डाव्या हाताची बोटं आता नीट मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे.

मला विचारायचं होतं की तुमच्याकडे वर्तमानपत्र कोणतं येतं? आणि उत्तराताई मोबाईलवर गावाकडच्या बातम्या बघतात का? सहज विचारतोय.

दिवाळीच्या सुट्टीत परभणीच्या कॉलेजातले नागनाथ सर आमच्या घरी आले होते. भला माणूस. गावोगाव फिरून जुनी वाद्यं बघतात, लिहून घेतात. जीवनच्या साउंडच्या कामामुळं त्यांची ओळख. आमच्या माळ्यावर एक वस्तू पोत्यात बांधून ठेवलेली होती. मी शेतात होतो. जीवननं ती खाली काढली. मी घरी आलो तर सर ओट्यावर बसून ती फडक्यानं पुसत होते. मला बघून ते उठून उभे राहिले आणि माझ्या पाया पडले, वहिनी.

चार दिवसांनी पेपरात आलं. माझा फोटो, खाली त्या वस्तूचा. विजेवरची गिटार आपल्या भागात पहिल्यांदा बनवणारा चौथी पास कलाकार, असं लिहिलंय. आता ३० तारखेला, रविवारी, गावात कार्यक्रम आहे. सरपंच माणिकरावांनी वेशीत फलक लावायचं ठरवलंय, ‘विद्युत गिटारचे जनक’ असा. माझ्या नावाचा.

मी बनवली नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

मला सगळं आठवतं. मी लग्नाच्या बँडात गिटार घेऊन उभा राहायचो आणि ताशा-क्लॅरोनेटमध्ये ती कोणालाच ऐकू यायची नाही. मार्तंडराव हसून म्हणायचे, “तुझं वाजवणं लोकांना दिसतं रे, ऐकू येत नाही.” मग ते त्याच्या मागेच लागले. पिंगळी स्टेशनाजवळचं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान, पुढं गिऱ्हाईक आणि मागं तुमचा संसार. भंगारातल्या टेलिफोनमधली चुंबकं. जुन्या दाराची सागवानी फळी. केसासारखी तार, ती तुमच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकावर तुम्ही गुंडाळायचात आणि मार्तंडराव वेढे मोजायचे. तीन हजाराला तार तुटली की ते रागवायचे नाहीत, पुन्हा एकपासून मोजायचे. तुम्हीच रागवायचात. “माझं मशीन ब्लाउज शिवायला आहे, तुमचे भोवरे फिरवायला नाही.”

त्यांना स्वतःला एक सूर धरता यायचा नाही. मला एकच तार तासभर छेडायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. ज्या दिवशी दुकानातल्या मोठ्या रेडिओतून पहिला आवाज निघाला, त्या दिवशी फलाटावरची माणसं दुकानापाशी धावत आली. मी तर रडलो. मार्तंडरावांच्या तोंडावर काही नाही. म्हणाले, “मागं गुणगुण येते. कॉइलवर झाकण पाहिजे.”

डालड्याच्या डब्याचा पत्रा लावला तर आवाजच बसला. म्हणाले, पितळ पाहिजे. तेव्हा तुम्ही आतून ताट आणलंत. तुमच्या लग्नात मी दिलेलं. जिंतूरच्या भांड्यांच्या दुकानात मी त्यावर नाव घालून घेतलं होतं, रीतीप्रमाणं, ‘आश्रुबा सटवाजी गिराम, बोरी यांजकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. मार्तंडरावांनी कात्री चालवली तेव्हा ‘यांजकडून सप्रेम भेट’ कापून खाली पडलं. नाव, गाव आणि तारीख राहिली. ते पत्रा उलटा करून कोरी बाजू वर घेत होते. मी म्हणालो, नाव वर राहू द्या की. तुम्हाला आठवतं का ते काय म्हणाले? “राहू दे. भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, रांधणाऱ्याचं नसतं.”

सरांनी तेच नाव वाचलं. बनवणाऱ्यानं सही आणि तारीख घातली आहे, असं त्यांनी लिहिलं.

मी पहिल्या दिवशी बोललो असतो तर दोन वाक्यांचं काम होतं. आता रोज एक माणूस हार घेऊन येतो.

एक विनंती आहे. तुम्ही ३० तारखेला या आणि सरांना सांगा. तुमच्या तोंडून निघालं तर लोक ऐकतील. गाडी जीवन पाठवील.

आणि तुम्ही पेपरातला फोटो बघितला असेल तर ओळखलंच असेल. ती तीच आहे. पेडगावला जळाली असं मी सांगितलं होतं. जळाली नव्हती.

उत्तराची वाट पाहतो. लवकर लिहा, मला घास गिळवत नाही.

आश्रुबा


बोरी
२२ नोव्हेंबर, शनिवार

लीलावहिनी,

तुमचं कार्ड काल मिळालं. पोस्टमन देऊन गेला तेव्हा जीवन दारातच होता. “कोणाचं हाय आबा?” म्हणाला. मी म्हणालो, पेन्शनचं. मला पेन्शन नाही हे त्याला माहीत आहे. तो माझ्याकडे बघत राहिला.

तुम्ही नऊ ओळी लिहिल्यात. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आता न बघता म्हणू शकतो. फोटो उत्तराताईंनी माझ्या पत्राआधीच दाखवला होता. ताट तुम्ही स्वतः काढून दिलं होतं, ते ओळखायला तुम्हाला अक्षरं लागत नाहीत. आणि तुम्ही येणार नाही. “तुम्हाला खरं माझ्याकडून बोलून घ्यायचं आहे, भाऊजी. ते काम माझं नाही.”

बरोबर आहे. मी आधीच्या पत्रात नुसतं जळाली नव्हती एवढं लिहून थांबलो. पुढचं लिहायला हात धजला नाही. आज लिहितो.

साल अठ्ठ्याहत्तर, वैशाख. गिटार माझ्याकडेच असायची, कारण वाजवणारा मी. जिंतूर-सेलूपर्यंत माझं नाव झालं होतं. लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी विचारायचे, आश्रुबा मोकळा आहे का. तेवढ्यात मार्तंडरावांचं कार्ड आलं. हैदराबादच्या एका वाद्यांच्या कारखान्याला त्यांनी लिहिलं होतं, त्यांचं बोलावणं आलं, नमुना घेऊन या. ‘सोमवारी निघायचं आहे, रविवारपर्यंत गिटार घेऊन ये. तूही चल, वाजवून दाखवायला कोणीतरी पाहिजे.’

तूही चल, असं होतं वहिनी. हे मी कोणाला सांगितलं नाही. ते मला बरोबर नेणार होते.

पण मला त्यात दुसरंच दिसलं. कारखानेवाले ती ठेवून घेतील. मग तसल्या शंभर निघतील, गावोगाव वाजतील. मग आश्रुबा गिराम कोण? पुन्हा ताशाच्या मागं उभा राहणारा. कडूबाईला कार्ड वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “त्येंची वस्तू हाय, देऊन टाका. उद्या दुसरी करून देतील, त्ये काय लांबचे हायत का?” मी तिच्यावर ओरडलो.

त्याच आठवड्यात पेडगावच्या लग्नात मांडवाला आग लागली. कनात जळाली, बाजा गेला, दोन ताशे गेले. मी गिटार आधीच बैलगाडीत नेऊन ठेवली होती, तिला काही झालं नाही. मी दुसऱ्या दिवशी पिंगळीला आलो आणि दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं की गेली. मार्तंडरावांनी आधी विचारलं, “तुला कुठं भाजलं का?” माझे हात उलटेपालटे करून बघितले.

पुढचं मला तुमच्या कार्डातून कळलं. मला वाटत होतं त्यांनी मानलं. तुम्ही लिहिता की ते पेडगावला जाऊन दोन दिवस राख चाळत होते. घरी आले तेव्हा कोपरापर्यंत काळे होते. म्हणाले, “चुंबक जळून जात नाही. पितळ वितळलं तरी गोळा सापडतो. तिथं काहीच नाही. म्हणजे ती आश्रुबाकडेच आहे.” तुम्ही म्हणालात, मग जाऊन मागा. ते म्हणाले, “तो आणील.”

एकतीस वर्षं! त्यानंतरही मी दुकानात येत होतो वहिनी. रेडिओ दुरुस्तीला आणायचो, टीव्ही आणला. तुम्ही चहा द्यायचात. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते मला ‘बस’ म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं, दुसरी का करत नाही? म्हणाले, “एकदा जमलं.” मला वाटलं, त्यांचं मन उडालं. ते माझ्या तोंडाकडे बघून बोलले होते, ते आता आठवतं.

आणि मला तरी ती लाभली का? परभणी जिल्ह्यात काढायची सोय नव्हती. दोन हंगाम नांदेडच्या पलीकडं, आदिलाबादकडं वाजवली. तिकडं मला कोणी ओळखत नव्हतं. मग पोत्यात बांधली. कडूबाई म्हणायची, ते मढं घरात ठेवू नका. बाहेर तरी कुठं ठेवणार होतो?

परवा जीवनजवळ विषय काढला. सगळा नाही, एवढंच म्हणालो की गिटार मार्तंडरावांनी बनवली. तो केबल गुंडाळत होता, हात थांबला नाही त्याचा.

“आबा, पन्नास वर्षं झाली. आता कोण विचारायलंय?”

“मी सांगणार हाय सरांना.”

“सांगा. मग सर इचारतील, तुमच्या घरात कशी आली? काय सांगाल? पडीक सापडली म्हणून?”

मी केबलचं सुटलेलं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

“फलक तयार झालाय. माझ्या पोरीच्या शाळेत तुमच्यावर भाषण झालं. उद्या तीच पोरं तिला म्हणतील, तुझा आजा चोर हाय. तुमाला काय, तुमी आज हाय, उद्या न्हाई. आमाला हितंच राहायचंय.”

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्यानं चोरी केली नाही, त्याला ती बापाकडून मिळाली. सविता ऐकत होती. ताट वाढताना एवढंच म्हणाली, “मामा, पोटाला उपाशी ठेवून काय व्हायचं न्हाई.”

खरं सांगितलं तर घर जातं. नाही सांगितलं तर मार्तंडराव दुसऱ्यांदा जातात. रोज सकाळी उठून ठरवतो आणि कोणी हार घेऊन आलं की मान पुढं करतो.

तुम्ही आला नाहीत तरी मी ३० तारखेला बोलणार आहे. हे लिहून ठेवतोय म्हणजे मला फिरता येणार नाही.

आश्रुबा


बोरी
२ डिसेंबर, मंगळवार

लीलावहिनी,

कार्यक्रम झाला. मी बोललो.

कसं झालं ते सांगतो. मारुतीच्या देवळापुढं मांडव होता, जीवनचाच साउंड. गिटार टेबलावर काचेच्या पेटीत. सरांनी भाषण केलं, चांगलं केलं. मग मला माईकपाशी नेलं. सविता खाली पहिल्या रांगेत होती, तिच्याकडं बघून सुरुवात केली. म्हणालो, “ही मी बनवली न्हाई. पिंगळीचे मार्तंडराव होते, रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांनी बनवली. मी नुसता वाजवायचो. हे नाव ताटावरचं हाय. मी त्यांच्या लग्नात दिलेलं ताट हाय ते.”

आणि मग टाळ्या, वहिनी. इतक्या टाळ्या माझ्या वाजवण्याला कधी पडल्या नव्हत्या. सर उठले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, बघा, खरा कलावंत श्रेय आपल्या मित्राला देतो, हीच खरी नम्रता. माणिकराव माईक ओढून म्हणाले, “म्हातारा लय मोठ्या मनाचा हाय! लग्नात ताट दिलं, त्या ताटाची गिटार झाली आणि गिटारीचं नाव बी दोस्ताला द्यायलाय!” सगळा मांडव हसला. मला शाल घातली. फलकावरचा पडदा काढला. माझंच नाव होतं.

मी म्हणत होतो, ऐका, ऐका. जीवननं गाणं लावलं.

मला वाटलं लोक खुळे आहेत. रात्रभर त्यांच्यावर चरफडलो. काल सकाळी दाढी करताना ध्यानात आलं की खुळे ते नाहीत. मी त्यांना जेवढं गोड होतं तेवढंच दिलं. मार्तंडरावांचं नाव घेतलं, पण मी काय केलं ते कुठं सांगितलं? पेडगाव सांगितलं नाही. हैदराबाद सांगितलं नाही. एकतीस वर्षं त्यांच्या दुकानात बसून चहा प्यालो, ते सांगितलं नाही. माझी लबाडी काढून घेतली की उरलेलं खरं माझ्याच गळ्यात हार होऊन पडतं. मार्तंडरावांनी एकच का बनवली, दुसरी का नाही, हैदराबादला का गेले नाहीत, याचं उत्तर मी आहे. ते सोडून त्यांची गोष्ट सांगताच येत नाही.

म्हणून काल दिवसभर बसून नागनाथ सरांना पत्र लिहिलं. सहा पानं झाली. चुका असतील, पण गाळलं काही नाही. मार्तंडरावांचं ते कार्ड माझ्याकडे होतं, ‘रविवारपर्यंत घेऊन ये’ ते. पोथीत ठेवलं होतं. त्यावर पिंगळीचा शिक्का आहे, तारीख आहे, त्यांची सही आहे. तेही त्या पाकिटात घातलं. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही, आता तोही माझ्याकडे नाही. आज सकाळी मी स्वतः पोस्टात गेलो, रजिस्टर केलं. पाकीट खिडकीतून आत गेलं तेव्हा मी बाईंना म्हणालो, थांबा. त्या म्हणाल्या, काय राहिलं का आजोबा? मी म्हणालो, काही नाही.

सरांना गुरुवारपर्यंत मिळेल. गिटार तुमची आहे, ती तुमच्या दारात पोचती करावी, असं त्यात लिहिलंय. फलकाचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं, पण माझं नाव खरवडलं तर मी तक्रार करणार नाही, असंही.

तुम्ही मला माफ करा असं लिहिणार होतो. दोनदा लिहिलं आणि खोडलं. ज्यांनी करायचं त्यांनी राख चाळून आल्यावर पहिल्याच दिवशी केलं असावं, किंवा कधीच केलं नसावं. ते तुम्हाला माहीत असेल. मला सांगू नका.

जीवनला अजून सांगितलेलं नाही. तो आत्ता अंगणात आहे. नवा टेम्पो घेतलाय, त्यावर नाव घालायला जिंतूरहून रंगारी आणलाय. मी खिडकीतून बघतोय. ‘गिटारचे जनक आश्रुबा’ एवढं झालंय, पिवळ्या रंगात, काळी किनार देऊन. पोरगं किती हौसेनं बघायलंय, लांब जाऊन, डोळे बारीक करून, परत जवळ येऊन. असा खूश मी त्याला त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. त्याला हे सरांकडून कळू नये, एवढं तरी मला करायला पाहिजे. सकाळपासून तीनदा दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

आत्ताच सविता येऊन गेली. मी काय लिहितोय ते तिनं विचारलं नाही. पोस्टाची पावती माझ्या सदऱ्याच्या खिशात बघितली असणार. म्हणाली, “मामा, हे पत्र मी टाकून येते. तुमी बाहेर जा. रंग वला हाय तवर पुसता येतो.”

उठतो.

तुमच्या घरची वस्तू सत्तेचाळीस वर्षं दाबून ठेवलेला,
आश्रुबा